गॅस संपत नसतो : भर मे महिन्यात पुणे ते नागपूर, जालनामार्गे

मे महिन्यात पुण्याहून नागपूरला गाडीने निघायचं म्हटलं की सगळे एकच सल्ला देतात : रात्री जा. आम्हाला ते शक्य नव्हतं. आईला रात्रीचा प्रवास सोसत नाही, शिवाय तिला वाटेत सिंदखेडराजा आणि लोणार पाहायचंच होतं. मावशीच्या घरचं लग्न चार दिवसांवर होतं. त्यामुळे पहाटे निघायचं आणि ऊन चढल्यावर एसीच्या भरवशावर पुढे जायचं, असं ठरलं.

गाडी मामाची, 2006 सालची डिझेल. इंजिन अजून ठणठणीत. मामा हिशेबाचा पक्का माणूस, त्याने गाडीबरोबर सगळ्या बिलांची फाईलही दिली होती. त्या फाईलमध्ये जवळजवळ दर उन्हाळ्यात एक नोंद आहे : ‘एसी गॅस’. दरवेळी तोच शब्द आणि थोडी वाढलेली रक्कम. त्या नोंदीचा खरा अर्थ मला जालन्यात कळला.

अहिल्यानगर गेलं, संभाजीनगर मागे पडलं, तोवर गारवा छान होता. जालना रोडला लागल्यावर तो पातळ व्हायला लागला. आधी वेगात असताना गार आणि टोलनाक्यावर कोमट. मग बॉनेटमधून टक्‌ टक्‌ असा आवाज, कॉम्प्रेसर लागतोय आणि लगेच सुटतोय. मग तो आवाजही थांबला आणि ब्लोअरमधून नुसती गरम हवा यायला लागली. बाहेर 42 अंश. काचा खाली केल्या तर झळा थेट तोंडावर. आईचा चेहरा लाल झाला, ती नेहमीप्रमाणे ‘मला काही होत नाहीये’ म्हणत राहिली. मी ओला पंचा तिच्या मानेवर ठेवला, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजत राहिले आणि जालना गाठलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अंगाला तहान उशिरा कळते. अशा उन्हात गाडीचा एसी ही चैनीची गोष्ट उरत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

पहिल्या दुकानात उत्तर तयार होतं : ‘गॅस टाकून देतो, वीस मिनिटांत निघा.’ मामाच्या फाईलमधल्या नोंदी डोळ्यांपुढे आल्या आणि मी तिथून निघाले. पेट्रोलपंपावरच्या मुलाने औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी गाडीकडे बघण्याआधी आईला कूलरसमोर खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग बॉनेट उघडलं.

‘ताई, गॅस काय डिझेलय का जळून जायला? गॅस संपत नसतो. गेला म्हणजे कुठूनतरी गेला. आधी ती वाट शोधू, मग गॅसचं बघू.’

गाडीच्या एसीत तोच गॅस गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो दाबाने तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग ड्रायरमधून गाळून, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथे दाब एकदम उतरला की तो उकळायला लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आपल्या केबिनमधून ओढून घेतो. तिथून परत कॉम्प्रेसर. चक्र बंदिस्त आहे, त्यात खर्च होण्यासारखं काही नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा गॅस झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहेच.

मिस्त्रींनी दाब मोजायचं गेज लावलं. गाडी बंद असताना 42 अंशांच्या हवेत दोन्ही काटे 140 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास असायला हवेत, आमचे 25 च्या पुढे सरकेनात. दाब इतका उतरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला लागूच देत नाही, कारण गॅसबरोबरच तेल फिरतं आणि गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून जळेल. त्या टक्‌ टक्‌चा उलगडा झाला : गाडी स्वतःचा कॉम्प्रेसर वाचवत होती.

मग त्यांनी टॉर्च घेतला आणि जोडांवरून बोट फिरवत गेले. धूळ चिकटून काळपट, तेलकट झालेला डाग शोधायचा असतो. गॅस दिसत नाही, पण जिथून तो निसटतो तिथे त्याच्याबरोबर थोडं तेल बाहेर येतं. डाग सापडला तो कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, बंपरच्या मागे, जिथे पावसाळ्यातला चिखल साचून राहतो. खात्रीसाठी नायट्रोजनचा दाब भरला, साबणाचा फेस लावला. दोन ठिकाणी बुडबुडे : एक त्या कोपऱ्यात, दुसरा कंडेन्सरला येणाऱ्या पाइपच्या जोडावर, तिथला ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट ठेवणारं रबरी कडं, कडक होऊन तडकला होता. इतक्या उन्हाळ्यांचा ‘एसी गॅस’ त्या दोन ठिकाणांहून हवेत गेला.

त्या हवेत गेलेल्या गॅसचं मला फार वाईट वाटतं. पूर्वी गाड्यांच्या एसीत असणारा आर-12 गॅस ओझोनचा थर पोखरायचा, म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू बंद केला आणि भारतातलं त्याचं उत्पादन 2008 मध्ये थांबलं. आमच्या गाडीत आर-134ए आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 1,430 पट अधिक उष्णता अडवून धरतो. म्हणजे गळती तशीच ठेवून वर्षाला डबा भरायचा, तर आपण ज्या उन्हापासून पळतो आहोत त्यातच भर घालतो. गळती काढून मग भरणाऱ्या मिस्त्रीचं काम म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं.

जुन्या कंडेन्सरला वेल्डिंग मारता आलं असतं. मिस्त्रींनीच नको म्हटलं. ‘उन्हात याच्यात अडीचशे-पावणेतीनशेचा दाब येतो. झिजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग किती टिकेल, सांगता येत नाही. आजी बरोबर आहेत तुमच्या.’ नवा कंडेन्सर संभाजीनगरच्या दुकानातून संध्याकाळच्या बसने मागवला, आणि आमचा मुक्काम जालन्यात पडला.

ठरवून जालन्यात राहायला फारसं कुणी येत नाही, पण आम्हाला ती संध्याकाळ आवडली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथे अजून अभिमानाने सांगतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि रस पिताना आईने दुसरा ग्लास मागितला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बियाण्यांचा धंदा, सळयांचे कारखाने, रात्रीही चालू असलेल्या रोलिंग मिल. लॉजवाल्याचा भाऊ तिथेच कामाला. मे महिन्यात लाल तापलेल्या लोखंडापाशी पाळी करणाऱ्या त्या माणसांना जे ऊन रोज सोसावं लागतं, त्याबद्दल तो जे बोलला ते ऐकून आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो.

रात्रीच मिस्त्रींनी कंडेन्सर बसवला, उघडलेल्या सगळ्या जोडांना नवे हिरवे ओ-रिंग तेल लावून घातले, आणि ड्रायरही बदलला. ड्रायरच्या आत ओल शोषणारे दाणे असतात. सिस्टिम उघडी पडली की ते हवेतला दमटपणा पिऊन बसतात आणि पुढे उपयोगाचे राहत नाहीत. नायट्रोजनचा दाब भरून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गेजचा काटा जागचा हलला नव्हता.

त्यानंतर व्हॅक्यूम. ही पायरी घाईत गाळली जाते, म्हणून समोर उभं राहून पाहावी. पंपाने आतली हवा ओढली की दाब इतका उतरतो की आत राहिलेलं पाणी साध्या हवेच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. ते राहिलं तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ धरतं, आणि तेलाबरोबर आम्ल तयार करून आतून खात राहतं. मिस्त्रींनी पंप पाऊण तास चालवला, बंद केला, काटा टिकतो का ते चहा होईपर्यंत पाहिलं. मगच गॅस, आणि तोही अंदाजाने नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवरचा आकडा वाचून, डबा वजनकाट्यावर ठेवून. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट दाब चढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. काही ठिकाणी स्वस्त पडतो म्हणून एलपीजीच्या जातीचा ज्वालाग्राही मिश्र गॅस भरतात. तो कधीही घेऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

कंडेन्सरच्या पंख्याचा प्लग जळून काळा पडला होता. तोही त्यांनी कापून नवा जोडला. गाडी उभी असताना कोमट हवा का यायची, त्याचं एक कारण हेही होतं. गाडी चालू करून पाहिली : लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, चाळिशीच्या आसपास, जास्त दाबाच्या हाय साइडला 260, डॅशबोर्डवरच्या हवेच्या जाळीत खुपसलेल्या थर्मामीटरवर 9 अंश. सगळं मिळून खर्च 9,000 च्या आत आला. त्यांनी जुना कंडेन्सर आणि तडकलेला ओ-रिंग दोन्ही पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

सिंदखेडराजाला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. 1598 साली जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा वाडा. आईने चपला काढून तापलेल्या फरशीवरून झपाझप जाऊन उंबऱ्याला हात लावला. परत आलो तर गाडी उन्हात तापून लाल. अशा वेळी लगेच काचा लावून एसी सोडू नये. चारही दारं उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, काचा खाली ठेवून थोडं चालवावं, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबावं. बाहेरची 42 अंशांची हवा सारखी गार करत बसण्यापेक्षा आतली हवा पुन्हा पुन्हा गार करणं सोपं जातं.

लोणारला मुक्काम केला आणि पहाटे विवराच्या कडेवर गेलो. बेसाल्टमध्ये उल्कापाताने पडलेला, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खड्डा, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी सरोवराला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. आई धार नावाच्या झऱ्यापर्यंतच उतरली. मी झाडीतून पाण्याजवळ जाऊन आले. गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या गाभाऱ्यात शिरताच जो दगडी गारवा अंगाला लागला, तो आम्हाला सोडवेना.

मेहकरजवळ समृद्धीवर चढलो आणि भर दुपारी विदर्भात शिरलो. मोकळ्या रस्त्यावर एसी चांगला चालणारच, पुढून भरपूर वारा मिळतो. खरी परीक्षा नागपुरात, वर्धा रोडच्या सिग्नलवर, 44 अंशांत, समोर बस उभी असताना. पंखा फिरत राहिला, हवा गारच आली. आईने शालीचं टोक पायांवर ओढून घेतलं.

एक काम बाकी आहे. ब्लोअर पूर्ण सोडला तरी वारा कमी येतो, कारण या गाडीला केबिन फिल्टरच नाही आणि कूलिंग कॉइलवर इतक्या वर्षांची धूळ बसली आहे. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि आताच भरलेला गॅस काढावा लागेल. तो हवेत सोडून न देता मशीनने ओढून परत भरणारं एक गॅरेज पुण्यात शोधून ठेवलं आहे. पाऊस सुरू झाला की गाडी तिथे नेईन.