जनेलांचं गाव: फिलिपिन्समधल्या विगानचे दोन दिवस

गोव्यात बार्देशातल्या माझ्या आजोळच्या घराला शिंपल्यांची जनेलं, म्हणजे खिडक्या, होती. लाकडी पट्ट्यांची जाळी आणि तिच्या प्रत्येक चौकोनात काचेऐवजी एकेक सपाट, दुधाळ शिंपला. मे महिन्यातलं दुपारचं ऊनसुद्धा त्यातून ताकासारखं पांढरं आणि थंड होऊन आत यायचं. मी आठवीत असताना मामाने घर दुरुस्तीला काढलं. शिंपले बसवणारा कारागीर मिळेना, म्हणून काचा आल्या. जुनी जनेलं काही दिवस माडाखाली पडून होती, मग तीही गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मनिलात नोकरी करणाऱ्या मैत्रिणीने एक फोटो पाठवला. दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना दुमजली घरं आणि प्रत्येक घराला वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंपल्यांची जनेलं. खाली तिने लिहिलं होतं, "हे विगान. तुझ्या आजीचं घर म्हणतेस ते असंच होतं का?" मी त्याच रात्री ठाण्याच्या मैत्रिणीला फोन केला. कॉलेजपासूनच्या आम्ही तिघी. जायचं ठरलं.

व्हिसाचं आधी सांगते, कारण आल्यापासून सगळे तेच विचारताहेत. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय फिलिपिन्समध्ये जाता येतं. मुक्काम वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट पक्कं हवं, राहण्याच्या जागेचं बुकिंग हवं आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हवा. शिवाय पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत 'ई-ट्रॅव्हल' नावाचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. फॉर्म भरल्यावर क्यूआर कोड येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. या सगळ्याची छापील प्रत मी घेतली होती, ठाण्याच्या मैत्रिणीने घेतली नव्हती. मुंबईत चेक-इन काउंटरवरच तिचं परतीचं तिकीट मागितलं, ते मेलमध्ये सापडेपर्यंत आमच्या मागची रांग दोनदा हलली. चार कागद छापून घ्यायला काही जड नाही.

खरी परीक्षा मनिलात होती. विगान तिथून उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटर, लुझोन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इलोकोस सुर प्रांतात. रात्रीच्या बसने जायचं हे ठरलेलं. पण मनिलात आपल्या स्वारगेटसारखा एकच स्टँड नाही. प्रत्येक बस कंपनीचं आपलं वेगळं टर्मिनल. कुणाचं कुबाओला, कुणाचं पासायला, आणि एकाच कंपनीची दोन ठिकाणीही असतात. आमचं तिकीट पासायचं होतं आणि आम्ही उभ्या होतो कुबाओला. मधला रस्ता म्हणजे एडसा, मनिलाचा मुख्य हमरस्ता. शुक्रवारी रात्री एडसावर काय असतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. नऊची बस गेली. मनिलाच्या मैत्रिणीची सहकारी आमच्याबरोबर होती, इलोकानो, म्हणजे इलोकोसकडची, तिचं गाव विगानजवळच. तिने काउंटरवरच्या बाईंशी इलोकानोत दोन वाक्यं बोलल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला आणि साडेअकराच्या गाडीत चार जागा निघाल्या. तिकिटावर टर्मिनलचं नाव वाचूनच टॅक्सीत बसा, आणि बसमध्ये स्वेटर घेऊन बसा. एसी इतका गार असतो की मी पायांत मोज्यांवर मोजे चढवले.

सकाळी साडेआठच्या सुमारास उतरलो. उतरल्या उतरल्या सहकारीने गावाच्या नावाची गोष्ट सांगितली. नदीकाठी एका स्पॅनिश माणसाने स्थानिकाला विचारलं, या जागेचं नाव काय? त्याला वाटलं समोरच्या झाडाचं नाव विचारताहेत. तो म्हणाला, "बिगान, आपो." 'आपो' म्हणजे आपल्याकडचं 'रावसाहेब' म्हणा. 'बिगा' म्हणजे काय हे दाखवायला तिने रस्त्याकडेच्या एका झाडाकडे बोट केलं. मोठमोठी, हत्तीच्या कानांएवढी पानं. अळू! आपलं वडीचं नव्हे, पण त्याच घराण्यातलं, रानअळवासारखं. नाव लिहितात 'व'ने, गावातले लोक मात्र अजून 'बीगन'च म्हणतात. अळवाच्या नावाचं गाव, हे कळल्यावर माझा शीण निम्मा उतरला.

स्पॅनिशांनी हे शहर १५७२ मध्ये वसवलं. हुआन दे साल्सेदो हा त्याचा संस्थापक. त्याही आधीपासून चिनी व्यापारी इथे गलबतं घेऊन यायचे, काही इथेच राहिले, इथल्या मुलींशी लग्नं केली. त्यांच्या मुलाबाळांनी नीळ, तंबाखू आणि कापडाच्या व्यापारातून ही घरं बांधली. खाली जाड विटांच्या आणि दगडाच्या भिंती, वर लाकडाचा मजला. भूकंपात वरचं लाकूड हलतं पण तग धरतं, म्हणून ही रचना. काल्ये क्रिसोलोगो या रस्त्यावर अशा घरांच्या रांगा आहेत. तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे, फक्त पायी माणसं आणि टांगे. घोड्यांच्या टापा दगडांवर वाजतात तो आवाज दोन्ही भिंतींवरून परत येतो. युनेस्कोने १९९९ मध्ये या शहराला जागतिक वारशात घेतलं.

मनिलाचं जुनं शहर इंत्रामुरोस १९४५ च्या फेब्रुवारीत लढाईत बेचिराख झालं. विगान वाचलं. का वाचलं याची गोष्ट गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. माघार घेणाऱ्या एका जपानी अधिकाऱ्याची बायको फिलिपिनो होती. तिला आणि मुलांना त्याने इथल्या पाद्रींच्या हवाली केलं, आणि त्या बदल्यात शहर न जाळण्याचं ठरलं, असं सांगतात. आमच्या टांगेवाल्या मानोंगनी तर ते अशा ठसक्यात सांगितलं, जणू त्या रात्री ते स्वतः दाराशी उभे होते. मानोंग म्हणजे दादा, मानांग म्हणजे ताई. पहिल्या तासातच आम्ही सगळ्यांना असंच हाक मारायला लागलो.

प्लाझा साल्सेदोत संध्याकाळी कारंज्याचा खेळ असतो, त्याला गर्दी होते. मला मात्र त्या चौकात दुसरंच काही दिसत होतं. २० सप्टेंबर १७६३ रोजी गाब्रिएला सिलांगला इथे फाशी दिलं. तिचा नवरा दिएगो सिलांग याने स्पॅनिशांविरुद्ध बंड केलं होतं. त्याची मे महिन्यात दगा देऊन हत्या झाली, तेव्हा ती घोड्यावर बसली, डोंगरात जाऊन माणसं जमवली आणि विगानवर चालून आली. ती हरली. पानिपतानंतर दोनच वर्षांनी हे घडत होतं, आणि त्या गडबडीत आपल्याकडचीही माणसं होती. १७६२ मध्ये मनिला जिंकणारं इंग्रजांचं आरमार मद्रासहून निघालं होतं, त्यात हिंदुस्थानी शिपाई होते. त्यांतले काही परतलेच नाहीत, मनिलाजवळच्या कैंता गावात त्यांचे वंशज आहेत. शाळेत झाशीच्या राणीचा धडा घोकलेल्या मला गाब्रिएलाचं नावही माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं.

जुना तुरुंग आता राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. १८९० मध्ये याच तुरुंगाच्या इमारतीत एल्पिदिओ किरिनो जन्मले, कारण त्यांचे वडील तिथे तुरुंगाधिकारी होते. पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९४५ मध्ये मनिलात जपानी सैनिकांनी त्यांची पत्नी आणि पाचांपैकी तीन मुलं मारली. आणि १९५३ मध्ये याच माणसाने फिलिपिन्सच्या तुरुंगातल्या जपानी युद्धकैद्यांना माफी दिली. आपल्या मुलांनी आपल्याकडून द्वेषाचा वारसा घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्या खोलीत बराच वेळ थांबले. ठाण्याची मैत्रीण, जी एरवी संग्रहालयात दहा मिनिटांत कंटाळते, ती माझ्याही नंतर बाहेर आली.

तिथेच एस्तेबान व्हिलानुएव्हाने १८२१ मध्ये काढलेली १४ चित्रं आहेत, १८०७ च्या बासी बंडाची. बासी म्हणजे उसाची दारू. घरी बनवायला सरकारने बंदी केली, सरकारी दुकानातूनच विकत घ्या म्हटलं, आणि लोक उठले. चित्रांत आकाशात त्या साली दिसलेला धूमकेतूसुद्धा आहे. गोव्यात काजूच्या भट्ट्यांवर वाढलेल्या माणसाला हे बंड समजावून सांगावं लागत नाही.

ही बासी मुरवतात ती मातीच्या भांड्यात. कुंभारवाड्यात गेलो तर म्हशीकडून चिखल तुडवून घेतलेला, लांबच लांब भट्टी, आणि ओळीने मांडलेली काळपट तपकिरी भांडी. सहकारी म्हणाली, "हे बुर्नाय." आम्ही तिघी एकदम म्हणालो, "बरणी!" आकार तोच, पोट तेच, तोंडाला फडकं बांधायची तऱ्हा तीच, आत व्हिनेगर नाहीतर बागोओंग मुरत असलेलं. बागोओंग म्हणजे खारवलेले बारीक मासे. आमच्याकडे जवळ्याच्या वासाला नाकं मुरडणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मी जाते.

खाण्याचं थोडक्यात. प्लाझा बुर्गोसला एम्पानादा मिळते. तांदळाच्या पिठाची पातळ पारी, आत कच्च्या पपईचा कीस, अंडं आणि डुकराच्या मांसाचं सॉसेज, आणि ते सगळं कढईत कडक तळलेलं. शाकाहारी मैत्रिणीसाठी सॉसेज आणि अंडं वगळून करून दिली, न कुरकुरता. दुपारी पोकी-पोकी मागवली. भाजलेलं वांगं सोलून कांदा-टोमॅटोबरोबर परततात आणि वर अंडं फोडतात. भरीतच ते. वांगी भाजल्याचा वास आला तेव्हा ठाण्याची मैत्रीण स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आता जनेलं. आम्ही मुद्दाम एका जुन्या घरातच खोली घेतली होती. पहिल्या रात्री खोलीवर गेलो तेव्हा अंधारात नीट काही दिसलं नाही. पहाटे पाचला जाग आली. खोलीत अजून काळोख होता, आणि मग भिंतीभर चौकोन उगवायला लागले. आधी राखाडी, मग मोत्यासारखे, मग तेच ताकाचं पांढरं. मी अंथरुणातच बसून राहिले. कुणाला उठवलं नाही.

उजाडल्यावर उठून हात लावला. आजोळची जनेलं बिजागरीवर उघडायची, ही खाचेतून बाजूला सरकतात. खाली आणखी छोट्या खिडक्या असतात, लाकडी गजांच्या, म्हणजे वरचं बंद असलं तरी जमिनीलगत वारा येत राहतो. शिंपला मात्र तोच. इथे त्याला 'कापिस' म्हणतात. मी झडप सरकवली तेव्हा तिने जो घसघस आवाज केला, त्याने खालच्या मानांग वर आल्या. साठीच्या असतील. मी घाबरून म्हटलं, काही मोडलं का? त्या हसल्या, माझा हात धरून झडपेच्या खालच्या कोपऱ्यात नेला. तिथले चार शिंपले बाकीच्यांपेक्षा पांढरे होते. २७ जुलै २०२२ च्या सकाळी शेजारच्या आब्रा प्रांतात ७ रिश्टरचा भूकंप झाला. पलीकडच्या बांताय गावातल्या १५९१ च्या घंटाघराच्या विटा कोसळताना त्याचा व्हिडिओ तेव्हा जगभर फिरला होता. या घरात भिंतींना तडे गेले आणि जनेलं खिळखिळी झाली. मानांगनी पडलेले शिंपले एकेक करून गोळा केले, फुटलेले तेवढे बदलून घेतले. बसवणारा सुतार गावातच होता. बाकीचे जुनेच, त्यांच्या सासूच्याही आधीचे.

सुतार गावातच होता, हे वाक्य मला लागलं. मामाला तो मिळाला असता तर.

आपल्यापेक्षा फिलिपिन्स अडीच तास पुढे. साडेनऊपर्यंत थांबले आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सात वाजले होते, ती चहा घेत होती. मी काहीच न बोलता फोन जनेलाकडे वळवला. बराच वेळ तिचा आवाज आला नाही. मग म्हणाली, "जरा जवळ ने गो." मी नेला. "तो तिसरा चौकोन बघ, पिवळा पडलाय. आमच्याही देवघरातल्या जनेलाचा तसाच होता."

मग तिने मानांगना नमस्कार केला, मानांगनी हात हलवला. आई मला विचारायला लागली, "एवढी सगळी जनेलं पुसतं कोण? त्यांना विचार, ओल्या फडक्याने पुसतात की कोरड्या?"

मी विचारलं. मानांगनी उत्तर दिलं नाही. कमरेचं फडकं काढलं, बादलीत बुडवून घट्ट पिळलं, आणि आईला दिसेल अशा बेताने एकेक चौकोन पुसायला लागल्या.