विनिपेगचं तळं : आधी वारा बघा, मग निघा

कॅनडात भावाकडे विनिपेगला गेलो होतो. शहराचं नाव विनिपेग, तळ्याचंही तेच, पण शहरात तळं नाही. हायवे 59 ने उत्तरेला सव्वा तास गेल्यावर तळ्याकाठचा ग्रँड बीच लागतो.

पाण्यात शिरलो आणि चालतच राहिलो. बरंच आत गेलो तरी पाणी मांडीच्या वर येईना. विस्तार जवळजवळ 24,500 चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण तीन रत्नागिरी जिल्ह्यांएवढा, आणि सरासरी खोली फक्त 12 मीटर. दक्षिणेकडच्या भागात तर 9च. थोडक्यात, परातीत ओतलेलं पाणी.

परात कलते कशी, ते दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर उत्तरेचा वारा सुटला होता. सकाळी येऊन बघतो तर काल जिथे सतरंजी टाकली होती तिथे लाटा! तळं उत्तर-दक्षिण चारशे किलोमीटरहून लांब. वारा सगळं पाणी दक्षिणेला लोटतो आणि कधी कधी पातळी मीटरभर चढते. उथळ पाण्यात लाटाही आखूड आणि उभ्या उठतात. छोटी होडी घेऊन जाणार असाल तर वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय निघू नका. काठावर ठेवलेल्या माझ्या चपला गेल्या त्या गेल्याच.

हे तळं म्हणजे हिमयुगातल्या अगासिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा उरलेला तुकडा. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन अजून वर येते आहे, उत्तरेला जास्त वेगाने. त्यामुळे वारा नसला तरी परात अगदी हळूहळू दक्षिणेला कलतेच आहे.

पाणी गढूळ दिसलं तर नाक मुरडू नका. इथल्या मूळ रहिवाशांच्या क्री भाषेत नावाचा अर्थच गढूळ पाणी. हिरवा तवंग दिसला मात्र पोरांना उतरू देऊ नका. ते विषारी शेवाळ असू शकतं, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जास्त. झेब्रा शिंपल्यांच्या कडा पायाला कापतात, म्हणून पाण्यात चालायचे बूट घ्या. ग्रँड बीचच्या उद्यानात गाडी न्यायला परमिट लागतं का, ते आधीच बघा.

गिमली हे गाव समोरच्या काठावर आहे. तिथे 1875 साली आइसलँडहून आलेले लोक वसले. मध्ये पूल नाही, दक्षिणेकडून वळसाच घालावा लागतो, तेव्हा दोन्ही एका दिवसात कोंबू नका. गिमलीत तळलेला पिकरेल मासा खा. भावाच्या मते बांगड्यापुढे काहीच नाही, पण दुसरी प्लेट त्यानेच मागवली.