तेंगिझला निघालाय? जॅकेट नंतर घ्या

कझाकस्तानातल्या तेंगिझ तेलक्षेत्रावरच्या नोकरीची ऑफर हातात आली की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला. उरण, रसायनी, जामनगर, कुठूनही मेसेज येवो, "दादा, थंडीचं काय घेऊ?" एकदाच लिहून टाकतो: फार काही घेऊ नका. जानेवारीत पारा उणे तिसापर्यंत उतरतो, जुलैत चाळिशी गाठतो, आणि मैलोन्‌मैल झाड नसल्यामुळे वारा थेट हाडात शिरतो, हे सगळं खरं आहे. पण साइटवरचं जॅकेट, बूट, हातमोजे, हेल्मेटच्या आतली टोपी कंपनी देते. आतले थर्मल तेवढे आपले, आणि तेही तिथल्या बाजारात आपल्याकडच्यापेक्षा चांगले मिळतात. मॉलमधून आणलेलं महागडं जॅकेट कॅम्पच्या कपाटातून बाहेर येत नाही.

थंडीची काळजी घ्यायला कंपनी आहे. बाकीची आपल्यालाच घ्यावी लागते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

आधी जागा समजून घ्या. कझाकस्तानच्या पश्चिम टोकाला, कास्पियनच्या ईशान्य किनाऱ्याजवळ हे तेलक्षेत्र आहे. 1979 मध्ये सापडलं, 1993 पासून शेव्हरॉनच्या भागीदारीतली कंपनी ते चालवते. जवळचं मोठं शहर आतिराऊ. उराल नदी त्याच्या मधून जाते, त्यामुळे पूल ओलांडला की आशियातून युरोपात. फोटो काढून घ्या, कारण त्यानंतर कुल्सारी हे छोटं शहर आणि मग नुसतं सपाट माळरान. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे आहे, घरी फोन करायला हे फार सोयीचं.

इथल्या तेलासोबत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येतो, तोही भरपूर. 1985 मध्ये इथल्या 37 नंबरच्या विहिरीचा भडका उडाला, तो विझायला वर्षाहून जास्त काळ लागला. हा वायू थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असं कधीच समजायचं नाही. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो. गेल्या गेल्या प्रशिक्षण होतं, त्यात मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते तपासतात. दाढी असेल तर बसत नाही. तेव्हा दाढी घरूनच उतरवून जा. मिशी ठेवता येते, पण मास्कच्या कडेखाली जाणार नाही एवढीच. गावाकडच्या मोठ्या माणसांना हे आधी सांगा, नाहीतर व्हिडिओ कॉलवर वेगळीच चर्चा सुरू होते.

कागदपत्रांना लागणारा वेळ सगळेच कमी धरतात. डिग्रीचं आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, मग भाषांतर. पोलिसांचा दाखला वेगळा. पासपोर्टवरचं आणि डिग्रीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, हा आपल्या मराठी कागदांचा खास रोग आहे. एजंट म्हणेल "चौदा दिवस व्हिसा लागत नाही, आधी जाऊन तर या". ती सवलत फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. वर्क परमिट हातात नसेल तर विमानात बसू नका.

आणि दात. निघण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या. कॅम्पच्या दवाखान्यात ताप, जखम, रक्तदाब बघतात. मध्यरात्री ठणकणाऱ्या दाढेसाठी मात्र शहर गाठावं लागतं.

घरची तयारी याहून मोठी. बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून रोमिंग सुरू ठेवा किंवा ते सिम विश्वासाच्या हातात द्या. फ्लॅटचा, कर्जाचा, जमिनीचा काही व्यवहार अर्धवट असेल तर बायकोच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र करा. 28 दिवस काम, 28 दिवस सुट्टी अशी रोटेशन असेल तर एक हिशेब आत्ताच सीएसमोर मांडा: वर्षाचे निम्मे दिवस भारतात, म्हणजे 182च्या आसपास. आयकरात निवासी ठरायची रेषासुद्धा नेमकी 182 दिवसांचीच. विमान चुकलं, व्हिसा लांबला, की रेषेच्या अलीकडचे पलीकडे जातात. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा आणि तारखांची वही ठेवा.

एक नाजूक गोष्ट. परदेशी माणसाचा पगार आणि स्थानिकाचा पगार यातली दरी तिथं सगळ्यांना माहीत असते. 2019 च्या जूनमध्ये एका परदेशी कामगाराने स्थानिक तरुणीसोबतचा फोटो सोशल मीडियावर टाकला आणि त्यावरून तेंगिझवर मारामाऱ्या झाल्या, कित्येक जण जखमी झाले. फोटो निमित्त होतं, राग जुना होता. बाईमाणसाचे फोटो काढू नका, पगाराच्या गप्पा मेसमध्ये मारू नका. शेजारच्या खुर्चीवरच्या कझाक मुलाला काम मनापासून शिकवा. उद्या तुमची जागा तोच घेणार आहे, परमिटमागचं सरकारी धोरणच तसं आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. बॉम्बे हायवर आपली माणसंही परक्यांकडूनच शिकली.

खाण्याचं थोडक्यात: मेसमध्ये मांस भरपूर, त्यात घोड्याचंही. विचारून घ्या, कुणी रागावत नाही. शाकाहाऱ्यांचं सूप, पाव, सॅलड, भातावर भागतं, कंटाळा येतो पण भागतं. खोलीत शेगडी चालत नाही, म्हणून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट असं कोरडं न्या. दारू कॅम्पवर बंद.

पोचल्यावर पहिल्यांदा ओळख करून घ्यायची ती बॅक-टू-बॅकशी, म्हणजे तुम्ही घरी असताना तुमच्या जागी काम करणाऱ्या माणसाशी. साहेबापेक्षा तो महत्त्वाचा. हँडओव्हरची नोंद त्याला नीट लिहून द्या, तो तुम्हाला देईल. आणि तो कझाक असेल तर त्याला 22 मार्चचा नौरिझ, म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, घरी हवा असतो. तुम्हाला गणपती हवा असतो. वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा, बहुतेक वेळा जमतं.