शिडी, बादली आणि झाकलेली लेबलं

चित्रातली शिडी मी मुद्दामच चुकीची लावली होती. पाय भिंतीपासून फार लांब, वरचं टोक स्लॅबच्या कडेला जेमतेम टेकलेलं. चढणाऱ्या माणसाच्या एका हातात भरलेली बादली. खाली साचलेल्या पाण्यातून गेलेली वायर, परांचीच्या कडेला रचलेल्या विटा, खिळ्याला टांगून ठेवलेलं हेल्मेट. असे धोके पेरलेलं एकच मोठं चित्र वर्गापुढे ठेवायचं आणि शिकणाऱ्यांनी ते हुडकायचे, ही सुरक्षा-प्रशिक्षणातली जुनी आणि चांगली चालणारी पद्धत आहे.

प्रौढांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी असे तक्ते, चित्रकार्डं, चित्रसंच तयार करणं हे माझं काम. यात एक अडचण कायमची असते. चित्र बघणार शिकणारे, पण ते निवडतो आणि हाताळतो शिकवणारा, आणि दोघांच्या गरजा जुळतीलच असं नाही. शिकवणाऱ्याला आधार हवा असतो. आयत्या वेळी काही आठवलं नाही तर? म्हणून तो म्हणतो, सगळं तक्त्यावरच लिहून टाका. या वेळी काम देणाऱ्या संस्थेचंही तेच म्हणणं होतं. मी दोन आवृत्त्या केल्या. एकीत प्रत्येक धोक्याला बाण आणि लेबल : ‘शिडीचा कोन ७५ अंश ठेवा’, ‘चढताना हात मोकळे ठेवा’ वगैरे. दुसरीत नुसतं चित्र, आणि पाठीमागे फक्त प्रशिक्षकाने वाचायचे प्रश्न. चाचणीच्या दिवशी दोन खोल्या, दोन गट, दोन प्रशिक्षक. गटांतले बहुतेक जण वर्षानुवर्षं बांधकामावर काम केलेले. काहींना अक्षरओळख बेताची. मी कधी या खोलीत मागे बसत होते, कधी त्या.

लेबलांच्या खोलीतलं काम भराभर उरकलं. प्रशिक्षक छडीने एकेक लेबल दाखवून वाचत होते, गट माना डोलावत होता. “समजलं?” “समजलं सर.” माझ्या निरीक्षणाच्या कागदावर ‘कोण बोललं’ या रकान्यात लिहिण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं.

शेजारच्या खोलीतून मात्र चढ्या आवाजात वाद ऐकू येत होता, म्हणून मी उठून तिकडे गेले.

तिथल्या प्रशिक्षक मॅडमनी सुरुवातच शहाणपणाची केली होती. “यात काय चुकलंय?” असं न विचारता त्यांनी विचारलं, “इथे काय चाललंय?” पहिल्या प्रश्नाला शाळेतल्यासारखं एकच बरोबर उत्तर असतं आणि ते आपल्याला येत नसलं तर, या भीतीने मोठी माणसं गप्प बसतात. दुसऱ्याला जो तो आपल्या परीने उत्तर देऊ शकतो. मी आत गेले तेव्हा गाडी बादलीवर आली होती.

“हा गडी घाईत आहे.”

“घाईत नाही, एकटा आहे. खाली दुसरा माणूसच दिला नाही याला.”

“कप्पी कुठंय? कप्पी-दोर असता तर हातात बादली कशाला घेतली असती?”

“मुकादम दाखवा ना चित्रात. तो कुठं गेलाय?”

मुकादम मी काढलेला नव्हता. तो असता तर सगळ्यांची बोटं लगेच त्याच्याकडे वळली असती, म्हणून त्याला ठरवून बाहेर ठेवलं होतं. तरी त्यांनी त्याला शोधलाच. लेबलातला उपदेश होता कामगाराला, की बाबा हात मोकळे ठेव. गटाने प्रश्न मागे नेला : हात मोकळे राहतील अशी सोय कुणी करायची? सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड शिकवतात. आधी धोका मुळातच काढून टाका, नाहीतर कमी धोक्याची पद्धत आणा, मग यंत्राने किंवा रचनेने आड घाला, मग नियम आणि सूचना, आणि हेल्मेट-पट्टे सर्वांत शेवटी. हा मुद्दा प्रशिक्षकांच्या पुस्तिकेत पुढे कुठेतरी होता. गट कप्पीवरून बोलता बोलता तिथे आपणच पोचला. मॅडमनी फळ्यावर पाच पायऱ्या काढल्या आणि त्यांचीच वाक्यं एकेका पायरीवर लिहिली.

मग शिडी. एक वयस्क गृहस्थ तोवर काही बोलले नव्हते. मॅडम त्यांना काका म्हणत होत्या. ते म्हणाले, “ही शिडी सरकणार.” कशावरून, असं मॅडमनी विचारलं. सांगण्याऐवजी ते उठले, दिवे बदलायला व्हरांड्यात ठेवलेली शिडी आत घेऊन आले आणि भिंतीला लावली. तिच्या पायांना स्वतःच्या पायांची बोटं भिडवून ते ताठ उभे राहिले आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे केले. तळवे बरोबर पायरीवर टेकले.

“हात असा पोचला की शिडी बरोबर. हात आधीच अडला तर फार उभी, मागं कलंडेल. पोचलाच नाही तर फार पसरली, पाय सटकतील.”

मागून कुणीतरी विचारलं, “काका, माणूस बुटका असला तर?”

“उंची कमी तर हातपण आखूडच की! स्वतःच्याच अंगाने मापायचं.”

हसू पिकलं आणि मग एकेक जण उठून शिडीपुढे उभा राहून बघू लागला. कोनाचं हे माप जगभरच्या सुरक्षा-मार्गदर्शिकांत असतं : भिंतीलगत ४ भाग उंची, तर पाय १ भाग बाहेर, म्हणजे सुमारे ७५ अंश. काकांची रीतही बऱ्याच मार्गदर्शिकांत सापडते. पण कामाच्या जागी कोनमापक कुणाकडे असतो? मॅडमनी ४ ला १ हे गणित काकांच्या प्रात्यक्षिकानंतर सांगितलं आणि दोरी लावून मोजूनही दाखवलं. मग चित्राकडे बोट केलं. “याचे हात पोचतील का?” “छे!” तेवढ्यात दुसऱ्याने शिडीचं वरचं टोकही पकडलं. शिडी उतरायच्या जागेच्या वर साधारण मीटरभर आली पाहिजे, नाहीतर स्लॅबवर पाय टाकताना धरायला काही उरत नाही.

मी पहिल्या खोलीत परतले तेव्हा सरांनी तक्ता खाली उतरवला होता आणि रद्दी कागदाचे तुकडे चिकटवून ते एकेक लेबल झाकत होते. मी काहीच सुचवलेलं नव्हतं. “पलीकडचा आवाज ऐकला,” एवढंच म्हणाले. झाकलेला तक्ता पुन्हा टांगला आणि त्यांनी तोच गट, तेच चित्र, नव्याने सुरू केलं. या वेळी माझा रकाना भरला. खरी गंमत पुढेच होती : गट एखाद्या धोक्यावर एकमताला आला की सर कागद उचकटून खालचं लेबल दाखवायचे, आणि ‘यात हे नाही लिहिलं’ म्हणून लोक लेबलालाच दुरुस्त्या सुचवायचे.

शिक्षणाच्या संशोधनात या दोन्ही बाजूंना आधार आहे, आणि तो नीट समजून घेतला नाही तर गोंधळ होतो. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसतं की शब्द चित्राच्या जवळ ठेवले तर नवख्याला शिकणं सोपं जातं. म्हणजे लेबलं चित्रावर हवीत. पण ज्याला विषय आधीच ठाऊक आहे त्याला तीच मदत अडगळ होते, हेही जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. मुलांच्या वर्गात बहुतेक जण नवखे असतात. प्रौढांच्या वर्गात नवखा कोण आणि जाणता कोण, हे शिडी आत येईपर्यंत कळत नाही. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या आंगिकोस गावात प्रौढांना लिहा-वाचायला शिकवताना अक्षरांच्या आधी रोजच्या जगण्यातली चित्रं पुढे ठेवून चर्चा घडवली, त्यामागेही हाच विश्वास होता की समोरचा माणूस रिकामा आलेला नाही.

संस्थेच्या प्रतिनिधींनी संध्याकाळच्या बैठकीत जे विचारलं ते मात्र रास्त होतं. वर्ग संपल्यावर तक्ता भिंतीवर राहणार, तेव्हा शेजारी प्रशिक्षक नसेल. मग मुकं चित्र काय कामाचं? माझं मत असं, की वर्गातलं चित्र आणि भिंतीवरचा तक्ता ही दोन वेगळी साधनं आहेत. पहिलं बोलतं करण्यासाठी, दुसरं आठवण करून देण्यासाठी. दोन्ही कामं एकाच कागदावर लादली की दोन्ही बिघडतात. भिंतीवरच्या चिन्हाला फार कमी सूट असते. अमेरिकेतल्या एएनएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा अशी, की सुरक्षाचिन्ह किमान ८५ टक्के लोकांना कळावं आणि धोकादायक उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून जास्त नसावेत. वर्गातल्या चित्रात मात्र मतभेद झाले तर मला हवेच असतात. (रंगाचं पथ्य दोन्हीकडे सारखंच. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून बरोबर-चूक नुसत्या रंगाने दाखवायचं नाही, आकारही वेगळा हवा.)

बरीच घासाघीस होऊन खर्च दोन छपायांचा धरायचा ठरला. मोठं चित्र बिनलेबलांचं. भिंतीसाठी छोटा तक्ता, त्यात शिडीपुढे हात पसरून उभा असलेला माणूस, आणि त्याच्याखाली ४ आणि १ हे दोनच आकडे. अंश काढून टाकले.

सरांची मागणी वेगळीच निघाली. त्यांना प्रत्येक संचासोबत न छापलेल्या, चिकटवता येणाऱ्या कोऱ्या पट्ट्या हव्या आहेत, गटाने आपली लेबलं स्वतः लिहायला. अक्षरओळख बेताची असलेल्यांनी त्यावर खूण काढली तरी चालेल, असं ते म्हणाले. पट्ट्या टिकाऊ कशा करायच्या, काढताना चित्राचा रंग निघणार नाही असा गोंद कोणता, यावर छापखान्याशी बोलणं चालू आहे. मागच्या पानावरचे प्रश्नही बदलतायत. पहिला प्रश्न मॅडमचा आहे, जसाच्या तसा. दुसरा गटातून आला : “मुकादम कुठं गेलाय?”