ठिपक्याच्या कडेला

पंचमीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. लातूरला आमच्या कॉलेजात एमएस्सीचं ऑप्टिक्स प्रॅक्टिकल होतं, निम्मी पोरं गावाकडं गेलेली, राहिलेल्या चार-पाच जणींच्या हाताला मेंदी आणि वरून तेल, त्यामुळं वेव्हप्लेट (उजेडाच्या कंपनाची ठेवण बदलणारा पातळ पारदर्शक तुकडा) काठाला धरा गं काठाला धरा म्हणून माझा घसा बसलेला. लाल हेलियम-निऑन लेसर, पोलरॉइड (एकाच दिशेचं कंपन जाऊ देणारी पट्टी), मग क्वार्टर वेव्हप्लेट ४५ अंशावर. शेवटचं पोलरॉइड कितीही फिरवलं तरी भिंतीवरचा ठिपका ना मंद होतो ना तेज, म्हणजे झालं सर्क्युलर पोलरायझेशन, उजेडाचं कंपन गोल गोल फिरत पुढं जायला लागलं. मी नेहमीचं वाक्य टाकलं, असल्या उजेडात अँग्युलर मोमेंटम, म्हणजे फिरण्याचा संवेग असतो, फोटॉनमागं (उजेडाच्या एकेका कणामागं) एक एच-बार, म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय.

उदगीरकडची एक पोरगी, एरवी तोंड न उघडणारी. म्हणे, "सर, पण असतं कुठं ते?"

"कुठं म्हणजे?"

"तुम्हीच शिकवलं ना, प्लेन वेव्हचा, म्हणजे सगळीकडं सारख्या पसरलेल्या सपाट लाटेचा पॉइंटिंग व्हेक्टर, ऊर्जा कुठं वाहते ते दाखवणारा बाण, सरळ पुढं जातो. मंग आर क्रॉस पी, अक्षापासूनचं अंतर अन् संवेग यांचा गुणाकार, काढलं की अक्षाच्या दिशेनं शून्यच येतंय. फिरणं आलं कुठून?"

खडू घेऊन फळ्यापर्यंत गेलो अन् तिथंच थांबलो. बेथनं १९३६ साली क्वार्ट्झच्या धाग्याला वेव्हप्लेट टांगून उजेडाचा पीळ मोजला, रामन अन् भगवंतम यांनी तर १९३१ लाच फोटॉनच्या स्पिनवर, म्हणजे त्याच्या याच अंगच्या फिरण्यावर पेपर काढला, सगळं सांगून पाहिलं. "हो सर, पण कुठं?" तेवढ्यात लाइट गेली. खरं सांगतो, इतका आनंद झाला मला.

लॅबच्या शिपाई मामांनी चहा आणला, व्हरांड्यात उभे राहिलो. खाली ग्राउंडवर ज्युनिअरच्या पोरी फुगड्या खेळायलेल्या, दहा-पंधरा जोड्या एकमेकींना खेटून, सगळ्या एकाच बाजूनं गरगर. आणि मला दिसलं की शेजारच्या दोन जोड्यांच्या मधे एकीची चाल इकडं तर दुसरीची तिकडं, हिशोब मिटला. मिटत नाही तो फक्त कडेच्या जोड्यांच्या बाहेरच्या अंगाला. तिला म्हणलं, हे बघ, तुझ्या प्लेन वेव्हला कडच नाही, पण खरा झोत कडेला विरळ होत जातो, तिथं उजेडाच्या विद्युत-चुंबकीय फील्डला थोडं पुढच्या दिशेनंही कलावं लागतं, म्हणून पॉइंटिंग व्हेक्टर तिरका होऊन झोताभोवती वळसा घेतो. तिथली बेरीज केली की बरोबर फोटॉनमागं एक एच-बार निघतो.

"मंग मधोमध बारकी काळी चकती ठेवली तर ती फिरायची नाही?"

फिरते की! इथं मलाही दोन घोट चहा लागला. मधल्या दोन जोड्या उचलून नेल्या तर भोकाभोवती नवी कड उघडी पडते, अन् तिथला वळसा बाहेरच्याच्या उलटा. पुढं गेलेल्या झोतात तेवढं अँग्युलर मोमेंटम कमी भरलं, ते चकतीला मिळालं.

मामा ऐकत होते, त्यांनी विचारलं पंखा फिरंल का यानं. म्हणलं मामा, १ मिलिवॉट सगळा शोषला तरी टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ३ × १०⁻¹⁹ न्यूटन-मीटरच्या आसपास, माशीनं पंख हलवला तरी त्याच्या कितीतरी पट.

लाइट आली. जर्नलात तिनं ठिपक्यात फुगडीच्या जोड्या काढल्या होत्या, बाणासकट, मी गुपचूप सही केली. वेव्हप्लेटवर तेलाचा ठसा मात्र बरोब्बर मधोमध निघाला.