विद्यार्थी कृती

आमच्या वेळच्या डी.एड.च्या पाठ टाचणात, म्हणजे तास कसा घ्यायचा याच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, उभे रकाने असायचे. उद्दिष्टं, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, शैक्षणिक साधनं, फलकलेखन, मूल्यमापन. यातला शिक्षकाचा रकाना आपण भरायचा हे ठीक आहे. पण विद्यार्थ्यांचाही आम्हीच भरायचो, तोही आदल्या रात्री. ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात.’ ‘विद्यार्थी उत्सुकतेने उत्तरे देतात.’ ‘विद्यार्थी चित्राचे निरीक्षण करतात.’ ज्या मुलांचं अजून तोंडही पाहिलं नव्हतं, ती माझ्या टाचणात माना डोलवत बसलेली असायची. इतका शहाणा वर्ग पुढच्या सगळ्या नोकरीत मला मिळाला नाही.

हे टाचण पुन्हा डोक्यात आलं ते भाचीमुळे. लग्नानंतर ती इंग्लंडला गेली, लीड्सला. काही वर्षं ऑफिसात काढली आणि आता प्राथमिक शिक्षिका व्हायचं म्हणून पीजीसीई, म्हणजे तिथला पदवीनंतरचा शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स, करते आहे. कोर्स एक वर्षाचा, पण त्यातले किमान १२० दिवस शाळेत जातात, आणि तेही निदान दोन वेगवेगळ्या शाळांत. शाळेतल्या या दिवसांना प्लेसमेंट म्हणायचं. आमची दोन वर्षं आणि मोजके सराव पाठ आठवून मी म्हटलं, बरं आहे, तुमच्याकडे पोहायला शिकवताना पाण्यात तरी ढकलतात.

संध्याकाळी ती शाळेतून घरी पोचते, तेव्हा हिवाळ्यात पुण्यात साडेदहा वाजलेले असतात. मी विरजण लावते, गॅसचं बटण बंद आहे ना ते दोनदा बघते आणि फोन घेऊन बसते.

पहिल्याच फोनला मी म्हटलं, “मुलं दाखव की गं.”

“मावशी, फोन लॉकरमध्ये असतो. मुलांसमोर काढायचाच नाही. फोटो तर अजिबात नाही.”

शाळेत पाऊल टाकण्याआधी तिची पोलिसी नोंदींपर्यंत तपासणी झाली, गळ्यात ओळखपत्राची पट्टी आली, मूल काही घरचं सांगू लागलं तर काय बोलायचं आणि काय नाही याचं वेगळं प्रशिक्षण झालं. इकडे शेजारणीची नात बालवाडीत जाते. तिने डब्यात काय खाल्लं आणि नाचात ती कितव्या रांगेत होती, याचे फोटो दुपारी एकपर्यंत ग्रुपवर येतात आणि दोनपर्यंत आमच्या भिशीत पोचतात. भाचीच्या शाळेची रीत मला आधी कोरडी वाटली होती. आता वाटतं, तेच बरं. चेहरे नसल्यामुळे ती मुलं मला तिच्या नकलांमधूनच भेटतात, आणि नकला ती झकास करते.

तिने एकदा तिच्या टाचणाचा कोरा फॉर्म पाठवला. चष्मा लावून वाचला. उद्दिष्ट आहे, साहित्य आहे, मदतनीस शिक्षिकेने कोणत्या मुलांजवळ बसायचं तेही आहे. (मदतनीस! पटावर पन्नास-साठ मुलं असताना आमच्या मदतीला फक्त घंटा असायची.) आणि एक रकाना असा, की मुलांची कुठे चूक होईल, कुठे गैरसमज होईल, ते आधीच लिहायचं. मी तो दोनदा वाचला. आमच्या टाचणात मुलं चुकायचीच नाहीत. चुकलीच तर ‘शिक्षक योग्य उत्तर सांगतात’ हे एक वाक्य राखीव होतं. तिथे मूल चुकणार हे धरूनच तास आखतात. हा रकाना आम्हाला का नाही दिला कुणी, म्हणून मला खरंच राग आला. निवृत्तीनंतर येणाऱ्या रागांचा उपयोग काही नसतो, पण यायचा तो येतो.

तर तिचा पाठ होता नाण्यांचा. वर्ग इयर वन, म्हणजे पाच-सहा वर्षांची मुलं. नाणी ओळखणं तिथे याच वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे. चुकांच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘मोठं नाणं जास्त किमतीचं वाटेल.’ बरोबरच होतं. तिथलं दोन पेन्सचं नाणं दहा पेन्सच्या नाण्यापेक्षा मोठं असतं, आणि पाच पेन्सचं तर सगळ्यांत चिमुकलं. ही चूक व्हायला हवी होती. ती सावरायची कशी याची तिची तयारी झालेली होती.

मुलांनी ती चूक केलीच नाही. टेबलावर दुकान मांडलं होतं. सफरचंदं, पेन्सिली, कागदी किमती, वाटीत नाणी. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक मुलगा आला, सफरचंद उचललं, रिकामा हात वाटीवर धरला आणि तोंडाने म्हणाला, “बीप.” मग सफरचंद घेऊन गालिच्यावर जाऊन बसला. मागून दुसरा, बीप. तिसरी मुलगी जरा व्यवहारी. तिने बीप केलं आणि पावती मागितली. नाण्यांना कुणी हात लावला तर तो वाजवून बघण्यापुरता. नाण्याने काही विकत घेतलेलं त्या मुलांच्या पाहण्यातच नव्हतं. घरी सगळे कार्ड टेकवतात.

मागे मेंटर, म्हणजे तिला मार्गदर्शन करणारी तिथली शिक्षिका, बसलेली होती. तास संपल्यावर तिने बीपबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, की तू फार बोललीस. पहिल्या दहा मिनिटांत मुलांपेक्षा तुझाच आवाज जास्त होता. भाची फोनवर हिरमुसली होती. मी तिची समजूत घातली नाही. ते खरंच असणार, आमच्या घराण्यात सगळ्याच फार बोलतात. पण आमच्या निरीक्षण वहीत असा शेरा कधी आला नसता. ‘आवाज खणखणीत, निवेदन ओघवते’ हे आमच्याकडे कौतुक होतं. एकीचा पाठ चालू असताना बाकीच्या भिंतीला टेकून एकमेकींची निरीक्षणं लिहायच्या, आणि ती सगळी सारखीच असायची, कारण उद्या भिंतीशी कोण बसणार हे प्रत्येकीला माहीत होतं.

नाण्यांवरून मला माझा वजनांचा पाठ आठवला. पेठेतली महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग. आदल्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणून त्यावर तराजू काढला होता, पारड्यांना चंदेरी कागद. बगलेत गुंडाळी फळा, हातात कार्डशीटची सुरळी, खांद्याला पिशवी, अशी मी पीएमटीत चढले तेव्हा कंडक्टरने फळ्याचं तिकीट मागितलं नाही हे त्याचे उपकार. पाठाची सुरुवात प्रस्तावनेने करायची. मुलांना तीन-चार प्रश्न असे विचारायचे, की उत्तरं देता देता ती आपल्या पायाने विषयाच्या दारात येऊन उभी राहतील. मग आपण हेतुकथन करायचं, ‘आज आपण वजनांची माहिती घेऊ.’ तर माझा पहिला प्रश्न, “तुमची आई भाजी कुठून आणते?” टाचणातलं उत्तर, ‘मंडईतून.’

दुसऱ्या रांगेतला एकजण बस्करावरून उठला. “माझी आणत न्हाई. इकते.”

वर्ग हसला. तो मात्र हसण्यावर न जाता बोलतच राहिला. आई पहाटे माल कसा उचलते, अर्धा किलोचं वजन हरवलं तर दोन पाव कसे लावतात, आणि पारडं बरोबर आलं तरी वरून एक टोमॅटो का टाकायचा. “नाय टाकला तर बाई म्हणत्यात, उद्या येते. आन मग येतच न्हाईत.” मुलं त्याला प्रश्न विचारायला लागली. पाव किलोत मिरच्या किती बसतात? चार पाव म्हणजे किती? एकाने तर गणितच घातलं, त्याला त्याने तोंडी उत्तर दिलं आणि वर एक मिरची फुकट दिली. मी खडू हातात घेऊन त्याचे आकडे फळ्यावर लिहीत गेले. चंदेरी पारड्यांचा तराजू सुरळीतच राहिला.

शेरा आला, ‘विद्यार्थी सहभाग चांगला. शैक्षणिक साधनाचा वापर नाही.’ मार्गदर्शक बाईंचा नाइलाज होता. रकान्यात त्या पोराला बसवणार कुठे?

आता त्याच मंडईत पैसे जमा झाल्याचं ठणाठणा सांगणारे डबे आहेत. शेजारणीची ती नात भातुकली खेळताना चौकटी-चौकटींचं एक चित्र पुढे करते आणि म्हणते, “स्कॅन करा, आजी.” तेव्हा बीप काही लीड्सपुरतं राहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त बोलणं होतं ते वर्ग गप्प कसा करायचा यावर. हा विषय कुठल्याच टाचणात नसतो आणि नव्या शिक्षिकेची निम्मी ताकद त्यातच जाते. आमच्याकडे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. या दोन गोष्टी एकाच वेळी करता येत नाहीत हे दरवर्षी कुणीतरी मूल दाखवून देतंच. तिच्याकडे शिक्षिका म्हणते, “वन, टू, थ्री, आइज ऑन मी,” आणि वर्ग एका सुरात उलट सांगतो, “वन, टू, आइज ऑन यू.” किंवा टाळीचा ठेका धरायचा आणि मुलांनी तो परत द्यायचा. किंवा नुसता हात वर करून उभं राहायचं. हे शेवटचं तिला सर्वात जड जातं. हात वर, तोंड बंद, आणि तीस जणांपैकी शेवटचा गप्प होईपर्यंत थांबायचं. मेंटर करते तेव्हा लगेच जमतं. हिचा हात अवघडून येतो.

छडी तिथल्या सरकारी शाळांतून १९८७ साली गेली. आपल्याकडे मुलांना मारायला मनाई करणारा शिक्षण हक्क कायदा २००९चा. मधली ती वर्षं मी नोकरीत होते. टेबलावर लाकडी पट्टी असायची, रेघा मारायला. तिचं नुसतं तिथे असणं पुरायचं, हे मात्र मी भाचीला सांगितलेलं नाही. तीस मुलं ही संख्या आता दोन्हीकडच्या कायद्यांत आहे, आपल्याकडे शिक्षकामागे तीस आणि तिथे लहान वर्गांत कमाल तीस. कागदावर तरी आम्ही बरोबरीत आहोत.

पाऊस असला की तिच्या शाळेत मधली सुट्टी वर्गातच होते. ‘वेट प्ले’ म्हणतात. मैदान बंद, मुलं आत, जुने खेळ, रंगीत खडू आणि अंगात साठलेली सगळी रग. त्यानंतरच्या तासाला टाचण पिशवीतून काढूच नये असं तिचं मत झालंय. लीड्समध्ये हे वरचेवर होतं. मला सांगता येण्यासारखं काही होतं ते गणपतीच्या आधीचे दिवस. संध्याकाळच्या अधिवेशनाचा शेवटचा तास आणि लांबून कुठल्यातरी पथकाच्या ढोलाचा सराव सुरू. विद्यार्थी कृती: बाकावर दोन्ही हातांनी ठेका धरतात. त्यात बाई काय करणार? मी त्या आठवड्यात कविता घ्यायची. ठेका असतोच, शब्द तेवढे आपले घालायचे.

इस्टरनंतर तिची शाळा बदलणार आहे. या वेळी इयर फोर, आठ-नऊ वर्षांची मुलं. त्यांची जूनमध्ये पाढ्यांची परीक्षा असते, कॉम्प्युटरवर. प्रश्न २५, प्रत्येकाला ६ सेकंद, आणि पाढे बारापर्यंत. तिसापर्यंत पाढे आणि वर पावकी-निमकी म्हणत वाढलेल्या बाईने यावर काय बोलावं? पण सहा सेकंद म्हणजे फार कमी हो. आमच्यात ‘सात आठे’ म्हणून मूल छताकडे बघायचं, त्या बघण्यातच सहा जायचे.

“मावशी, तू पाढे कसे पाठ करून घ्यायचीस?”

“ओरडून.”

“म्हणजे?”

“अगं, दोन वर्गांच्या मध्ये फळ्यांचं पार्टिशन होतं. पलीकडच्यांनी सातचा धरला की आम्ही आठचा धरायचो, त्यांच्याहून मोठ्याने. मग ते नऊचा. शेवटी मुख्याध्यापिका येऊन दोन्हीकडे तोंडावर बोट ठेवायला लावायच्या. तोवर पाढे झालेले असायचे.”

ती खूप हसली. नव्या शाळेतही वर्ग एकमेकांना लागूनच आहेत म्हणाली. शेजारच्या वर्गावर कोण बाई आहेत आणि त्या कशा आहेत, ते आधी बघून घेते म्हणाली.