पद्मिनीच्या चोक वायरसाठी सातारा ते कुर्ला

माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीची चोक वायर, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचे प्रमाण वाढवायला नॉबने ओढायची तार, एका थंड सकाळी आउटरमध्येच (बाहेरच्या नळीतच) अडकली आणि जरा जोर लावताच नॉब हातात आला. वेग दाखवणाऱ्या मीटरच्या केबलची तक्रार त्याआधीपासूनच होती. वेग कितीही असो, काटा थरथरत असे. साताऱ्यातली दुकाने पालथी घातल्यावर दोन्ही जुन्या केबल पिशवीत घालून मी रात्रीच्या एसटीने मुंबई गाठली. (केबल काढताना तिच्या टोकाला सुतळी बांधावी, ती आत राहिली की नवी केबल जुन्याच वाटेने ओढून घेता येते.)

कुर्ल्याला जाण्यामागे हिशेब होता. ही गाडी तिथल्याच कारखान्यात तयार होत असे आणि सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, आणि रोजचे गिऱ्हाईकच उरले नाही तर दुकानदार तो माल कशासाठी भरून ठेवतील? दोन दुकानांत नकार मिळाला. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी माझी केबल उलटसुलट पाहून विचारले, "सेम पाहिजे, की चालणारी पाहिजे?"

चालणारी मीटर केबल त्यांच्याकडे निघाली. जुन्या केबलशेजारी ठेवली तेव्हा ती वीतभर लांब भरली. तेवढे चालते, कारण जास्तीची लांबी सैल वळणात सामावते, पण आखूड केबल ताणून बसवली तर ती लवकरच तुटते. लांबीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टोकांच्या नटांचे आटे आणि इनरचे (आत फिरणाऱ्या तारेचे) चौकोनी टोक जुळले पाहिजे, म्हणून जुनी केबल सोबत नेणे आवश्यक आहे. ग्रीस लावताना मीटरकडची शेवटची दोन-तीन इंच इनर कोरडी ठेवावी, अन्यथा ग्रीस चढत मीटरमध्ये शिरते.

चोकच्या बाबतीत मी फसलो. काकांनी सुचवलेली स्कूटरची क्लच वायर मी आनंदाने घेतली आणि घरी आल्यावर लक्षात आले की अनेक पदरांची ती वायर ओढायला उत्तम असली, तरी नॉब आत ढकलताच आउटरमध्ये गोळा होते. चोकला एकेरी, ताठ पोलादी तारच लागते. तशी तार अखेर घरापासून दहा मिनिटांवर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाली: इंजिन बंद करायची केबल. जास्तीची लांबी पक्कडीने तोडू नये, कारण आउटरचे तोंड चेपते. चिकटपट्टी गुंडाळून ग्राइंडरने कापावी आणि कड कानशीने घासून घ्यावी. तार कार्ब्युरेटरवरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावरच्या) स्क्रूच्या भोकात जाते ना, हे कापण्यापूर्वीच पाहावे. माझी जेमतेम गेली.

स्क्रू आवळण्यापूर्वी नॉब पूर्ण आत ढकलून दोन-तीन मिलिमीटर बाहेर घ्यावा आणि कार्ब्युरेटरवरचा चोकचा लिव्हर पूर्ण मागे असतानाच तार पकडावी. हा फरक ठेवला नाही तर चोक थोडा लागलेलाच राहतो, पेट्रोल जास्त जाते आणि प्लग काळे पडतात. माझे पहिल्या खेपेला तसेच झाले.

नॉब मात्र लालभडक आहे आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत 'स्टॉप' असे लिहिलेले आहे. जुना काळा नॉब नव्या तारेवर बसत नाही, म्हणून तो मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला आहे.